बेंबळीच्या पाण्याचा पुठ्ठा

मी एक पुठ्ठा बोलतोय. पण बोलण्याआधी कबूल करतो, की मला सगळं नीट आठवतंच असं नाही. माझ्या अंगाचा नव्वद टक्के भाग भोकांचा आहे. उरलेल्या दहा टक्क्यांत स्मरणशक्ती ती किती मावणार? शिवाय जवळून जे जाईल ते आत घ्यायचं, हा भोकांचा स्वभाव. त्यामुळे माझी स्वतःची आठवण कोणती आणि लोकांच्या बोलण्यातून नंतर मुरलेली कोणती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मला एक हात आठवतो. हिरव्या बांगड्यांचा, गढूळ पाण्यात गोल गोल फिरणारा. तो कोंडाबाईंचा असावा. बहुधा.

हे 'बहुधा' मात्र माझं नाही. ते शिवशंकर सरांचं. सर धाराशिवच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचे विभागप्रमुख होते. घरासमोर पाऊस पडत असला तरी वहीत 'बहुधा पाऊस' असं लिहितील, असा त्यांचा स्वभाव. त्यांनीच मला घडवलं आणि तेवीस नंबर दिला. त्यांच्या वहीत माझं नाव 'सच्छिद्र सेल्युलोज फलक'. बाकी सगळं जग मला पुठ्ठाच म्हणतं.

माझं कुळ सांगतो. सरांची भाची दैवशाला धाराशिवजवळच्या बेंबळी गावात तुती लावते आणि रेशमाच्या अळ्या पाळते. अळ्या पाला खातात, काड्या टाकतात. त्या काड्यांपासून मी झालो. म्हणजे मी किड्यांचं उष्टं. घराण्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

दैवशालाची शेड पत्र्याची. उन्हाळ्यात आत उभं राहिलं की डोकं भणभणतं, आणि अळ्यांना तर तीस अंशांच्या पुढं सोसतच नाही. सलग दोन उन्हाळे तिच्या अळ्या कोष विणायच्या आधीच काळ्या पडून मेल्या. तेव्हा ती मामांना म्हणाली, "मामा, औंदाची बॅच बी गेली तर तुती उपटून टाकते. सोयाबीन पेरते आन् गप बसते."

निवृत्त माणसाला एवढं पुरतं. पत्र्याखाली हलका पुठ्ठा बसवायचा, त्याच्या भोकांत हवा अडकेल आणि ती उष्णता अडवेल, असं सरांनी ठरवलं. बेंबळीतच, दैवशालाच्या अंगणात, काड्या कॉस्टिक सोड्यात उकळल्या, कुटून लगदा केला, साबणाचा फेस घालून घुसळला. फेसाचे बुडबुडे म्हणजेच माझी भोकं.

इथवर ठीक होतं. पण साधं राहू दिलं तर शिक्षणाचा उपयोग काय? मग लगद्यात काय काय घालावं, याचा शोध सुरू झाला. ताकदीसाठी ज्वारीच्या पिठाची खळ घातली. पुठ्ठा दणकट झाला आणि उंदरांना आवडला. लवचीकपणासाठी ग्लिसरीन घातलं. पुठ्ठा मऊ झाला आणि हवेतला ओलावा पिऊन आठवड्यात बुरसला. वाळवीसाठी बोरिक पावडर घालायचं मनात आलं, तेव्हा दैवशालानं हात जोडले.

"मामा, बोरिकनं झुरळं मरत्यात. आन् माझ्या अळ्या काय हत्ती हायेत व्हय?"

माझ्या नशिबी थोडी खळ आणि पुण्याहून मागवलेलं एक महागडं द्रव आलं. ते सरांनी थेंब मोजून घातलं. आधीचे भाऊ न धुताच वाळवले होते; मला मात्र अंगातला सोडा निघावा म्हणून अर्धवट वाळल्यावर ड्रमच्या पाण्यात बुडवून काढलं. धुण्याचं हे काम दैवशालाच्या सासूबाईंकडे, म्हणजे कोंडाबाईंकडे. धुणं ही काही वहीत लिहिण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून ती लिहिली गेली नाही.

मग सरांनी मला बादलीत सोडलं. आधीचे बावीस भाऊ तासाभरात तळाशी गेले होते. मी तीन दिवस तरंगत राहिलो आणि आतून कोरडा निघालो. सरांनी पुण्याच्या द्रवाला श्रेय देऊन टाकलं. वहीत 'बहुधा' लिहायलाही विसरले.

तोच पाठ गिरवून त्यांनी धाराशिवला स्वतःच्या गच्चीवर साठ पुठ्ठे केले. ते फिल्टरच्या स्वच्छ पाण्यानं धुतले. प्रयोग म्हटलं की स्वच्छता हवी. टेम्पोनं ते बेंबळीला आले आणि शेडमध्ये अळ्यांच्या एका रॅकच्या वर मी, बाकीच्यांच्या वर ते, असे आम्ही पत्र्याखाली बसलो. अळ्यांना दमट हवा लागते, म्हणून शेडमध्ये सतत पाणी शिंपडतात. चार दिवसांत माझे साठ सुशिक्षित भाऊ ती ओल पिऊन पोळीसारखे लोंबू लागले. भोकांत हवा असेल तर उष्णता अडते. पाणी भरलं की पुठ्ठा आणि ओलं फडकं यांत फरक राहत नाही. पाचव्या दिवशी एक भाऊ थेट अळ्यांवर पडला.

ती बॅच गेली. माझ्या खालचा एक रॅक तेवढा वाचला.

सर शेडच्या दारात उभे राहून म्हणाले, "चूक माझी आहे. बहुधा हा विषयच मला झेपणारा नाही."

दैवशालानं डोळे पुसले नाहीत, कारण हातात मेलेल्या अळ्यांचं टोपलं होतं. ती म्हणाली, "एक जमला न्हवं? मग साठ का जमंनात, त्येवढं सांगा. तवर तुती राहू देते."

सर बेंबळीला मुक्कामाला आले. तिथं केलेला प्रत्येक पुठ्ठा जमला, महागडं द्रव संपल्यावरही जमला. मग विद्वान माणूस जे करतो ते त्यांनी केलं. सिद्धांत मांडला: बेंबळीच्या पाण्यातच काही खास क्षार आहेत. त्यावर त्यांनी गावात व्याख्यान दिलं, पडद्यावर आलेख दाखवले. मला टेबलावर हार घालून ठेवलं होतं. हाराचं पाणीही मी प्यालो नाही.

शेवटी कोंडाबाईंनी विचारलं, "पाव्हणं, आमच्या पान्यात येवढा गुन हाय, तर पेल्यावर मळमळ का हुतीया?"

सभा हसली. सरांनी 'पुढील संशोधनाचा विषय' अशी नोंद केली.

पुढचे तीन उन्हाळे कोष निघाले, पांढरेशुभ्र. त्या भरवशावर दैवशालानं दुसरी शेड उभी केली आणि दुप्पट तुती लावली. त्याच वर्षी गावात शुद्ध केलेलं नळाचं पाणी आलं. नव्या शेडचे पुठ्ठे त्या पाण्यानं धुतले, आणि सगळे बादलीच्या तळाशी गेले. मार्च संपत आला होता, अळ्या आठ दिवसांवर होत्या. सरांनी क्षारांचे आलेख पुन्हा काढले. दैवशाला रिकाम्या पत्र्याकडे बघत बसायची.

चार वर्षांत पहिल्यांदाच सर ड्रमजवळ जाऊन बसले. पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "विहीणबाई, पूर्वी तुम्ही या पाण्यात काही घालत होता का?"

"काय न्हाय," कोंडाबाई म्हणाल्या. "गढूळ असायचं, म्हनून तुरटी फिरवायची तेवढी. आता नळाचं निवळच येतंय, कशाला फिरवू?"

सरांनी आलेखांची वही मिटली. साबणाला तुरटी भेटली की पाण्यात न विरघळणारा, पाणी अडवणारा थर तयार होतो, हे ते एकतीस वर्षं मुलांना शिकवत होते. माझ्या भोकांच्या भिंतींवर साबण आधीच बसलेला होता.

"मग आधी का सांगितलं नाही?"

"तुमी इचारलं कवा? तुमी पान्याचं भाषन करत व्हता."

त्या दुपारी कोंडाबाईंनी नळाच्या निवळ पाण्यात तुरटी फिरवली, आणि अळ्या यायच्या आत नव्या शेडला पुठ्ठे लागले. मी अजून जुन्या शेडमध्ये पहिल्या रॅकवर आहे. एका कोपऱ्याला बोटभर कमी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. विनंती एवढीच, की मला पुन्हा हार घालू नका; मळमळतं.

तो कोपरा सरांनीच कापला. त्यांच्या मनात अजून 'बहुधा' होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. आपल्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी त्या तुकड्यावर कोबाल्ट नायट्रेटचे दोन थेंब टाकले आणि चिमट्यात धरून तो जाळला. तुरटीतलं अॅल्युमिनियम असेल तर राख निळी होते.

राख निळी झाली. तो हात कोंडाबाईंचाच होता.