हळदीचे सात कागद

दर गुरुवारी नागरवाड्यातल्या त्या अंगणात शे-दीडशे माणसं तोंड उघडून दाखवायला बसत. हेरंबमहाराज लाळेवरून दोष ओळखत. आधी तांब्याच्या गडूतल्या तीर्थानं चूळ भरायची, मग पिवळ्या कागदावर थुंकायचं. कागद लाल झाला की गर्दीतून हुंकार उठे आणि मोबाइल वर होत.

"हिरडीत पितर बसलेत, माई," महाराज सांगत. "डॉक्टरचं लोखंड लागलं की ते मेंदूत चढतील. सात गुरुवार तीर्थ घ्या." मग पुढच्या बाईला गुजरातीत बोलावत, "चालो बेन, हवे तमे."

माझी आई, शालिनी, सात गुरुवार गेली. तिला मधुमेह होता, हिरड्यांतून रक्त येई, आणि डॉक्टर दात काढतील याची धास्ती होती. शेजारच्या मथुरामावशींनी तिला नेलं. मी कोयलीला रिफायनरीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. आईनं पहिला लाल कागद दाखवला तेव्हा मी विचारलं, "पितर पुढच्या दातात आहेत की दाढेत?" ती हसली नाही. पुढचे कागद तिनं मला दाखवले नाहीत.

ते तिच्या कपाटात सापडले, तारखा घालून टाचलेले. सहा विटकरी पडलेले, सातवा पिवळा. त्या पिवळ्या कागदानंतर नवव्या दिवशी ती गेली. हिरडीतला पू गळ्यात उतरला होता.

तेराव्यानंतर मथुरामावशी आल्या त्या गालाला पदर लावून. गाल सुजला होता.

"मावशी, तुम्हालाही साखर आहे. दातांच्या डॉक्टरांकडे चला."

"चौथा गुरुवार आहे उद्या."

"आईचं काय झालं, पाहिलंत ना?"

"तिचा शेवटचा कागद पिवळा होता," त्या म्हणाल्या. "दोष फेडून गेली ती. एवढं तरी राहू दे मला."

त्या पिवळ्या कागदावर मावशी तग धरून होत्या. तो खोटा ठरला तर आपण मैत्रिणीला कुठं नेलं, हे त्यांना स्वतःला सांगावं लागणार होतं. या वेळी मला थट्टा सुचली नाही. म्हटलं, "मी येते बरोबर."

घरून पाण्याची बाटली नेली. मावशींचा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, "आज मावशी या पाण्यानं चूळ भरतील."

"तीर्थाशिवाय दोष दिसत नाही, बेटा," महाराज म्हणाले.

"मग दोष तीर्थात असेल."

मागून कुणीतरी हसलं. मावशी मात्र बाटलीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चूळ भरली आणि कागदावर थुंकल्या. कागद पिवळाच राहिला.

"आज पितर झोपलेत," महाराज म्हणाले.

मी महाराजांपुढच्या चौकीवरून दोन कोरे कागद उचलले. एकावर बाटलीतलं पाणी टाकलं, दुसऱ्यावर तांब्याच्या गडूतलं तीर्थ. कुणी थुंकलं नव्हतं, तरी दुसरा लालभडक झाला. मावशींनी तो हातात घेतला, बोटानं चोळला.

"साबण लागला की पदरावरचा हळदीचा डाग असाच होतो," त्या हळूच म्हणाल्या.

"हो. कागद हळदीचा आहे, तीर्थात चुन्याची निवळी आहे. आईला सातव्या गुरुवारी काय दिलं होतं?"

"पितळी गडूतलं. सातव्याला सगळ्यांना त्यातलंच देतात."

चौकीमागे ठेवलेला पितळी गडू मी तिसऱ्या कागदावर कलता केला. कागद पिवळा राहिला. ते साधं पाणी होतं. महाराज आत गेले. काही लोक उठले. काही बसून राहिले, आपला नंबर जाईल म्हणून.

दुसऱ्या दिवशी अलकापुरीत दातांच्या डॉ. निरुपमांनी मावशींना साध्या पाण्यानं चूळ भरायला लावली, मग लाळ एका कपात घेऊन त्यात पट्टी बुडवली. पाच मिनिटांत दोन रेघा उमटल्या.

"हिरडी झिजवणारं एक द्रव्य लाळेत वाढलंय, एवढंच ही सांगते," त्या म्हणाल्या. "ती चुकूही शकते. म्हणून हिरडी किती खोल सुटलीय ते मी मोजणार."

"महाराज कधी चुकतो म्हणाले नाहीत," मावशी म्हणाल्या. मग विचारलं, "शालिनीचं कळलं असतं?"

"पट्टीशिवायही कळलं असतं. तोंड उघडून बघितलं असतं तर."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. "मीच नेलं गं तिला."

"तुम्ही सोबत तरी गेलात, मावशी. मी घरी बसून हसले. मला तर हळद-चुना माहीत होता."

मावशी खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांनी तोंड उघडलं.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर तो दोष नाही, आजार आहे, आणि वेळेवर गेलात तर आटोक्यात येतो. मधुमेह असेल तर आजच जा. आणि तुमच्या घरचं कुणी अशा अंगणात जात असेल तर त्याची टर उडवू नका. तो पुढचा कागद तुमच्यापासून लपवील. बरोबर जा, साध्या पाण्याची बाटली न्या, आणि त्याच्याच हातानं त्याला करून बघू द्या.