दोन्ही हातांनी

सोनालीच्या वाट्याला इंग्रजीतलं ‘गॅदर’ हे क्रियापद आलं होतं. अर्थ सांगायचा, वाक्य करायचं आणि कृती करून दाखवायची. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या मराठी शाळेतून शहराच्या इंग्रजी स्पर्धेला एकच मूल जाणार होतं, आणि सातवीतल्या सोनालीला ते आपणच असावं असं फार वाटत होतं.

बमरोलीच्या खोलीत तिचं घोकणं चाललं होतं. “गॅदर म्हणजे वेचणे, गोळा करणे. विमेन गॅदर कॉटन.” असं म्हणत ती एका हाताने हवेतला कापूस उचलत होती, देवासाठी जास्वंद खुडावी तसा.

साड्यांचे सुटे धागे कापत बसलेल्या तिच्या आईला, धुरपदाबाईला, हसू आवरेना. “अवं माय, एका हाते कापूस येचतस का? दिवाळीले सुरू करं तं सरता सरता होळी व्हई जाई!”

“माले काय माहीत? आठे सुरतमा कापूस कोठे शे?”

धुरपदाबाईची कात्री थांबली. खरंच की. बाप दिवसभर लूमवर कापड विणतो आणि लेकीनं कपाशीचं झाडही पाहिलेलं नाही! ती उठली. पदराची कमरेला ओटी बांधली. बोंडाची टोकं टोचू न देता कापूस कसा ओढायचा, पाचोळा कसा मागे ठेवायचा, एक हात ओटीत जाताना दुसरा पुढच्या बोंडावर कसा हवा, सगळं दाखवलं. गावी असताना साक्रीकडच्या शेतात बाकीच्या बाया एक ओळ संपवत, तेवढ्यात तिच्या दोन होत.

दुसऱ्या दिवशी शाळेत निवड होती. धुरपदाबाई कामावरून उठून तशीच, खोचलेल्या पदरानं, तिथं गेली. “दारातच उभी राहा,” शेजारच्या कलाबाईनं बजावलं होतं, “नाहीतर पोर लाजेल.”

सोनालीनं ओढणीची ओटी बांधली. दोन्ही हात भराभर चालू लागले. पोरं खिदळली. परीक्षक म्हणून आलेल्या गुजराती बाई मात्र पुढे वाकून बघू लागल्या. त्यांच्या माहेरी कापूस होता.

“आ तने कोणे शिखव्युं?”

“माय मदर,” सोनाली म्हणाली, आणि तिनं सगळ्यांदेखत दाराकडे बोट केलं.

बाईंनी हातातल्या यादीत सोनालीच्या नावापुढे ठळक खूण केली. मग हाक मारली, “आवो बेन, अंदर आवो.”

चारचौघांत जायचं म्हणून सवयीनं धुरपदाबाईचा हात खोचलेला पदर सोडायला गेला. अर्ध्यावरच थांबला. पदर तसाच ठेवून ती भरल्या वर्गात शिरली.