काळोखाचं पीठ

त्या वर्षी चिखलीच्या जत्रेत विश्वाची उत्पत्ती दुपारी ठेवावी लागली, कारण निम्म्या ऐकणाऱ्यांना रात्रपाळी होती.

आजवर ती रात्रीच व्हायची. कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर डफ घेऊन समोरासमोर बसायचे आणि सृष्टीच्या आधी काय होतं यावर कवनातून भांडायचे. कलगीवाल्यांचं म्हणणं, आधी शक्ती, म्हणजे आदिमाया. बाकी सगळं तिच्या पोटचं. तुरेवाल्यांचं म्हणणं, आधी शिव, शक्ती मागाहून. सवालाला कवनातच जवाब द्यायचा. नाही सुचला, तर आपला डफ समोरच्याच्या हाती देऊन रिकाम्या हातानं घरी जायचं. पण पिंपरीला कारखाना निघाला, पोरं पाळीनं जाऊ लागली, आणि शिव आधी की शक्ती आधी हे जेवणानंतर देवळापुढच्या लिंबाखाली बघायचं ठरलं.

तुऱ्याकडून दत्तोबा होता. त्याचा डफ, वर बांधलेल्या तुऱ्यासकट, मूळचा त्याच्या गुरूचा, सोनबाचा. म्हातारपणी सोनबा दत्तोबाच्याच घरी होता. शेवटी बोलता येईना, तेव्हा डफावर बोटं वाजवून पाणी मागायचा. दत्तोबाला ठेका कळायचा, पाणी बायको आणून द्यायची. सोनबा गेला तेव्हा डफ त्याच्या छातीवर होता. उचलून घेताना दत्तोबाला वाटलं, अजून जरा ऊन आहे. हा डफ कधी जाईल, ही कल्पना त्याला करवत नसे, म्हणून तो ती करत नसे.

बायको गोजाबाई ही मोशीच्या कलगीवाल्या घरातली. घरात सृष्टीचा विषय काढायचा नाही, असं लग्नातच वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. दोघांनी तो कधी काढला नाही. पहाटे गोजाबाई जात्यावर माहेरच्या ओव्या म्हणायची, आणि तेवढा वेळ दत्तोबा बैलांना वैरण टाकायला जायचा. बैल चांगलेच माजले होते.

कलगीकडून निगडीचा ज्योतीराम बसला होता. तरणा गडी, कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात कामाला. त्यानं डफावर थाप टाकली:

"गोळा होता आगीचा, त्यावर धरली साय,
आत अजून उकळतोय, सांग पोटात काय?
नव्हती भुई, नव्हतं आभाळ, नव्हता कैलास उभा,
कुणी केला असला गोळा, सांग गड्या दत्तोबा!"

लोकांनी वाहवा केली, आणि मग काहीच कळलं नाही म्हणून एकमेकांकडे पाहिलं. पंच यशवंतराव पाटलांनी हात वर केला.

"ज्योतीराम, हे कुठल्या पुराणातलं रं?"

"पुराणातलं न्हाई, पाटील. कंपनीत एक प्रोफेसर आल्ते, त्यांनी भिंतीवर चित्रं दावली. धरतीला वर पातळ साल हाय, आत तापल्याला दगुड, आन अगदी गाभ्यात लोखंड."

"लोखंड कुणी घातलं?"

"ते सांगणार हुते, पर भोंगा झाला."

"आन समद्याच्या आधी काय हुतं?"

"त्यात त्या लोकांच्यात दोन पार्ट्या हायेत. एक म्हणती, समदं एका जागी हुतं, ते फुटलं आन पसरत गेलं. दुसरी म्हणती, सुरुवातच न्हाई. पसरतंय खरं, पर मधी मधी नवं निपजतंय."

पाटलांनी जरा विचार केला. "म्हंजे तिकडं बी कलगी-तुराच की."

"व्हय."

"मग डफ कुणी दिला?"

"अजून कुणीच न्हाई."

"सवाल रास्त हाय," पाटील म्हणाले.

रिवाजानं जवाबाला एका चिलमीची मुदत असे. पंचांत चिलीम फिरून विझली की मुदत संपली. दत्तोबानं डफ पंचांपुढं ठेवला आणि पाणी पिऊन येतो म्हणाला. घर देवळामागंच होतं. सोनबाच्या कवनांत कैलास होता, गंगा होती, शेष होता, कासव होतं. गोळ्याच्या पोटात काय, हे सोनबानं शिकवलं नव्हतं.

गोजाबाई पाहुण्यांसाठी पुरणाच्या पोळ्या लाटत होती. तिनं त्याचे हात पाहिले.

"डफ कुठं हाय?"

"पंचांपुढं."

तिनं एक पोळी ताटलीत वाढली. दत्तोबानं तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"अवं, फुकून खावा की! वरून निवल्याली दिसती, पोटात इंगळ असतो."

दत्तोबा पोळीकडे बघत राहिला. तो पहाटे बैलांकडे जायचा हे खरं, पण गोठा जात्यापासून फार लांब नव्हता.

"गोजे, ती तुझी पिठाची ववी…"

"ठरलंय न्हवं आपलं? त्यो इषय काढायचा न्हाई."

"काढत न्हाई. म्हणू का, एवढंच इचारतो."

तिनं तव्यावरची पोळी उलटली. "माज्या आयची हाय ती. म्हणा. पर तिच्यात तुमचा शिव कुठंच न्हाई, बरं का."

"ठाव हाय."

"मग सोनबांना काय सांगाल?"

"डफ ऱ्हायला, तर सांगीन कायतरी त्याच्यावरच."

तो परत आला तेव्हा चिलमीत शेवटची लाली होती. त्यानं डफ उचलला:

"आदिमाय उठली, काळोखाचं पीठ मळी,
पोटी ठेविला इंगळ, वर भाजली पोळी.
पापुद्रा निवाला वर, तिथं लेकरं ठेविली,
आत धग राखियेली, नाही तिनं विझविली."

मागच्या झीलकऱ्यांनी पहिल्या ओळीला सूर धरला, आणि आपण काय म्हणतोय हे कळल्यावर तोंडं तशीच उघडी ठेवली. तुऱ्याच्या शाहिरानं आदिमायेला आधी बसवलं होतं.

"जवाब बरोबर का चूक?" पाटलांनी ज्योतीरामाला विचारलं.

ज्योतीरामानं चूक म्हणायला तोंड उघडलं, आणि आपण आदिमायेला चूक म्हणतोय हे ध्यानात येऊन मिटलं.

"बरोबर हाय," तो शेवटी म्हणाला. "पर पाटील, ह्यो जवाब तर आमचा हाय!"

"तुमचा हुता, तर सवाल कशाला इचारला?"

पंचांनी दुसरी चिलीम भरली आणि ती विझल्यावर निवाडा दिला. जवाब बरोबर, म्हणून डफ दत्तोबाचा. पण जवाब कलगीचा, म्हणून डफावरचा तुरा सोडायचा आणि कलगी बांधायची.

तुऱ्याची गाठ सोनबाच्या हातची होती. सुटायला वेळ लागला. कुणी घाई केली नाही. ज्योतीरामानं आपल्याजवळची एक कलगी काढून दिली आणि वाकून दत्तोबाच्या पायाला हात लावला. मग त्याला पाळी गाठायची होती, म्हणून तो सायकलवर बसून निघून गेला.

घरी गोजाबाईनं तुरा देव्हाऱ्यात ठेवला. कलगी तिरकी बांधली होती, ती सोडून सरळ बांधली. मग डफावर तळवा ठेवून पाहिला.

"कातडं गार पडलंय," ती म्हणाली, आणि डफ चुलीच्या धगीला उभा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे जातं सुरू झालं, तरी दत्तोबा गोठ्याकडे गेला नाही. बैल हंबरले. तो जात्यापासून जरा अंतरावर भिंतीला टेकून बसला आणि मांडीवरच्या डफावर बोटांनी हळूच सोनबाचा पाण्याचा ठेका वाजवला.

गोजाबाईनं खुंटा सोडला. उठून तांब्या भरला, आणि त्याच्या हातात न देता डफापुढं ठेवला.