झऱ्याभोवतीची राई

हिनाबागच्या लोकांनी त्या वर्षी पाट तीनदा साफ केला, तरी खालच्या खाचरांत पाणी पोचलं नाही.

चौथ्यांदा तो साफ करायला रुफिना एकटीच आली होती. गुडघाभर चिखलात वाकून ती फावड्याने गाळ उपसत होती, शेवाळ ओरबाडून बांधावर फेकत होती. चिखलावर पाणी बोटभरही नव्हतं. डोंगराच्या कुशीत झरा, त्याच्याभोवती तिची राई, राईच्या पायथ्याशी पाट आणि पाटाखाली एकाखाली एक उतरत थेट नदीपर्यंत गेलेली एकेचाळीस खाचरं. फिलिपिन्सच्या डोंगरांतल्या इफुगावांच्या रीतीप्रमाणे राई थोरल्या अपत्याला मिळते, मग तो मुलगा असो की मुलगी. रुफिना थोरली, म्हणून राई तिची. पाणी मात्र सगळ्यांचं.

"घास, आणखी घास!" वरच्या बांधावरून आवाज आला. तुगिना होती, रुफिनाची लहानपणापासूनची मैत्रीण. पाटाच्या अगदी शेपटाकडची तीन खाचरं तिची. "पाट असा लखलखीत केलायस की तोंड बघून घ्यावं. पाणी तेवढं नाही."

"येईल गं. गाळ साचला होता."

"गाळ! माझ्या खालच्या दोन खाचरांत भेगा पडल्यात, हात आत जातो कोपरापर्यंत. बांधाच्या तालीत गांडुळं शिरलीत. एक वादळ आलं की ताल नदीत. आणि तू मला गाळ सांगतेस?"

"मग काय सांगू?"

"जरा वर बघ आणि मग सांग."

रुफिनाने वर बघितलं नाही. तिथे काय आहे ते तिला पाठ होतं. राईच्या मधोमध उघडा पडलेला तांबडा उतार आणि त्यावर सोळा बुंधे.

दोन वर्षांपूर्वी तिचे वडील, म्हातारे नाक्के, गेले. झऱ्यालगतच्या झाडाची वाळकी फांदी तोडायची तरी ते आधी झाडाजवळ थांबून पुटपुटत, जणू परवानगी मागत. नातवंडं हसत, पण ते रागावत नसत. "हे झाड पाणी धरून बसलंय," एवढंच म्हणत. त्यांचं शरीर रीतीप्रमाणे खांबांवरच्या घराखाली खुर्चीत बसवलं आणि पहिल्या दिवशी संध्याकाळच्या आतच त्यांचा धाकटा भाऊ बालोगान बळीच्या रेड्यांच्या आकड्यावर आला.

"आमच्या बापाला सहा रेडे पडले होते. दादाला आठ."

"काका, आठ रेडे आणायचे कुठून?"

"राई कुणाची आहे?"

शहरातला लाकूडवाला दोन झाडांना एक रेडा देत होता. मोठी, सरळ, कोरीवकामाला योग्य अशी झाडं झऱ्याजवळच होती, कारण पिढ्यान् पिढ्या त्यांना कुणी हात लावला नव्हता. रुफिना हळू आवाजात म्हणाली, "झऱ्याजवळची नको. वरची पाहिजे तर न्या."

बालोगान मुद्दाम मोठ्याने बोलला. "ऐकलंत का? बापापेक्षा पोरीला लाकूड मोठं झालंय."

अंगणात दीडशे माणसं बसली होती. पानाचे विडे चघळणारी तोंडं थांबली. रुफिनाने मान खाली घातली आणि गप्प राहिली. त्या गप्प राहण्याची लाज तिला पुढे वडिलांच्या मरणापेक्षा जास्त टोचत राहिली. तीन दिवस मांस वाटलं गेलं. रेड्यांच्या आठ कवट्या घराच्या वळचणीला टांगल्या. नाक्केसारखा मान गेल्या कित्येक वर्षांत कुणाला मिळाला नाही, असं लोक म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात झरा निम्म्यावर आला, तेव्हा मात्र कुणी काही म्हणालं नाही.

त्या दिवशी ती पाटावरून घरी आली, तर धाकटा भाऊ फाबियन चुलीजवळ पोट धरून आडवा पडला होता आणि काका त्याच्या उशाशी बसले होते.

"महिनाभर दुखतंय त्याला," बालोगान म्हणाला. "आणि तू चिखल उपसत फिरतेस. दादा तिकडे कबरीत कुडकुडतोय, म्हणून पोराचं पोट दुखतंय. हाडं काढायला हवीत."

हाडं काढायची, धुवायची, नव्या घोंगडीत गुंडाळून पुन्हा ठेवायची, याला रुफिनाची ना नव्हती. वडिलांची हाडं एकदा मांडीवर घ्यायची तिची स्वतःचीच इच्छा होती. तिने गावच्या पुजाऱ्याबद्दल विचारलं, "मुंबाकी काय म्हणाले?"

"हिंग्योनआपू काय म्हणायचेत! विधी करतील. चार रेडे लागतील."

"चार? त्यांनी सांगितले?"

"दादाचा मान बघून मी सांगतो. झऱ्यावर अजून आठ झाडं आहेत. हिशोब सरळ आहे."

"ती आठ गेली तर पाणी संपेल, काका. एकेचाळीस खाचरं आहेत खाली. त्यात तुमची सहा."

"पाणी डोंगरातून येतं. डोंगर कुठे चाललाय?" बालोगान उठला. "फाबियनला काही झालं ना, तर त्या झाडांना भाऊ म्हण."

फाबियन डोळे मिटून म्हणाला, "ताई, मला कुठेतरी ने. कुठेही ने, पण ने."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या प्रवासी जीपनीने ती त्याला खालच्या शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली. पोटात व्रण निघाला. डॉक्टरीण बाईंनी चार दिवस ठेवून घेतलं, गोळ्या दिल्या आणि उपाशीपोटी तांदळाची दारू पिण्यावरून फाबियनला असं झापलं की शेजारच्या खाटेवरचा म्हातारासुद्धा ओशाळला. पाचव्या दिवशी बहीणभाऊ परत निघाले. फाबियनच्या तोंडावर जरा रंग आला होता. शेवटच्या वळणावर जीपनी थांबली, इंजिन बंद झालं आणि रुफिनाला डोंगरातून यंत्र-करवतीचा आवाज ऐकू आला.

सामान तिथेच टाकून ती पळाली. पायवाटेने नाही, खाचरांच्या बांधांवरून सरळ वर. पोचली तेव्हा तीन झाडं आडवी झाली होती. एक झऱ्याच्या तोंडावरच पडलं होतं आणि त्याच्या पानांखालून गढूळ पाणी वाट शोधत होतं. करवतवाला चौथ्याकडे वळला होता. रुफिना त्या झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"बाई, बाजूला व्हा," करवतवाला म्हणाला. तो परगावचा, घामाघूम झालेला. "मला सांगितलंय तेवढं मी करतो."

"राई माझी आहे. मी सांगितलंय?"

त्याने बालोगानकडे पाहिलं आणि यंत्र बंद केलं.

"हट तिथून!" बालोगान ओरडला. "मेलेल्या बापाच्या आड येतेस?"

"मी नाही हटणार. चालवा करवत."

आवाज ऐकून खाचरांतली माणसं वर आली. तुगिना आली. काठी टेकत हिंग्योनआपूही आले, सगळ्यांचे आपू म्हणजे आजोबा, आणि गावात उरलेले एकटे मुंबाकी. रुफिनाने काकाला सोडून त्यांनाच विचारलं.

"आपू, तुम्ही खरं सांगा. मेलेला माणूस किती रेडे मागतो?"

म्हातारा म्हणाला, "मेलेला माणूस आकडा सांगत नाही. त्याला घोंगडी लागते, एक डुक्कर लागतं, आणि त्याचं नाव घेणारं कुणी लागतं. झऱ्यावरचं झाड तोडू नये, हेही आमच्या जुन्यांनीच सांगितलंय."

"मग आठ रेडे पडले तेव्हा का नाही बोललात?"

"आठव्या रेड्याची मांडी माझ्या घरी आली होती, पोरी."

बालोगान थुंकला आणि म्हणाला, "गाव म्हणेल नाक्केच्या घरात माणूस उरला नाही, बाई उरली." पण करवतवाला यंत्र खांद्यावर टाकून उतार उतरू लागला होता. पाच झाडं वाचली.

पडलेली तीन परत उभी राहणार नव्हती. बालोगानने ती लाकूडवाल्याला देऊन एक दांडगा रेडा आणला आणि विधी झालाच. रुफिनाने वडिलांची हाडं एकेक करून पुसली, कवटी मांडीवर घेतली, पोटभर रडली. मात्र मांसाचा वाटा घरी आला तेव्हा तिने तो उंबऱ्यावरूनच परत पाठवला. असं हिनाबागमध्ये कुणी केलं नव्हतं. संध्याकाळी वाटेत तुगिना भेटली. तिच्या टोपलीत केळीच्या पानात बांधलेलं मांस होतं.

"तूसुद्धा घेतलंस?" रुफिनाने विचारलं. "भेगा तुझ्याच खाचरांत पडल्यात ना?"

"परत पाठवलं असतं तर उद्या माझ्या दारात कोण आलं असतं?" तुगिना चिडून म्हणाली. "तुझी राई आहे, तुला परवडतं रुसायला."

फाबियनच्या गोळ्या दोन महिने चालल्या आणि तो हिंडूफिरू लागला. लोक म्हणाले, रेडा लागू पडला. फाबियन गोळ्यांची पाकिटं खिशातून काढून दाखवायचा, तर म्हणायचे, "हो हो, त्यांनीही थोडं झालं असेल." रुफिनाला वाटे, आपण खडकावर डोकं आपटतोय आणि खडकाला ते कळतही नाही.

लावणीच्या तोंडावर तुगिनाचे वडील गेले. दुपारी तुगिना रुफिनाच्या दारात आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. रुफिनाने तिला जवळ घेतलं. थोड्या वेळाने तुगिना तिच्या खांद्यावरून डोकं न उचलताच बोलली.

"दोन झाडं दे मला."

रुफिनाला आधी कळलंच नाही.

"दोनच. एका रेड्यापुरती. रिकाम्या हाताने नाही गं पाठवता येणार त्यांना."

"तुगिना, तुझीच खाचरं..."

"ठाऊक आहे! मला दिसत नाही का? रोज दिसतं!" ती बाजूला झाली. "पण उद्या अंगणात सगळे बसतील, वळचणीकडे बघतील. तुझे काका मोजतील. भेगा कुणी मोजणार नाही. कवट्या मोजतील. तू तेव्हा कुठे असशील?"

रुफिनाला तिचा राग आला नाही. राग आला तो त्या नजरांचा, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी तिलाही गप्प केलं होतं.

"झाड देणार नाही," ती म्हणाली. "शिव्या दे, बोलणं टाक, पण देणार नाही. माझं डुक्कर आहे, ते घेऊन मी येते. आणि सगळे उठून गेले तरी तुझ्या शेजारी बसून राहते."

तुगिना निघून गेली. रुफिना आणि फाबियन डुकराचे पाय बांधून, बांबूला लटकवून तिच्या अंगणात पोचले, तेव्हा तुगिना सरकली आणि तिने घोंगडीवर जागा केली. हिंग्योनआपूंनी एका डुकरावर पूर्ण विधी केला, पूर्वजांचं एकही नाव न गाळता. बालोगान आला, वळचणीकडे पाहून "एवढंच?" म्हणाला आणि उठून गेला. त्याच्यामागे अर्ध्याहून जास्त अंगण उठलं. तुगिनाने रुफिनाचा हात धरला होता. नखं रुतेपर्यंत धरला होता. तिच्या बापाला त्या दिवशी बावीस माणसांनी उचललं. बावीस माणसं पुरतात.

घरी परतताना रुफिनाच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. माणूस मेल्यावर कुणी ऐकत नाही. तेव्हा अंगण बोलतं, आणि घरची माणसं खाली मान घालून ऐकतात. बोलायचं ते आधी बोलायला हवं. ज्याचं मरण आहे, त्यानेच स्वतःच्या तोंडाने आपल्या मुलांसमोर सांगायला हवं.

दुसऱ्या दिवसापासून ती हिनाबागच्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊ लागली. हिंग्योनआपूंनी लगेच सांगितलं, एक डुक्कर, आणि तेही लहान. एका आजीने तिला पान दिलं, गप्पा मारल्या आणि प्रश्न आला की बहिरी झाली. एकाने मुलाकडे बोट दाखवलं, मुलाने बापाकडे. सहाव्या दिवशी ती बालोगानकाकांच्या घराची शिडी चढली. काका वेताची टोपली विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काका, तुमच्या वेळी किती रेडे?"

त्यांचे हात थांबले. "मी मरायची वाट बघतेस?"

"नाही. तुम्ही जिवंत आहात तोवर विचारतेय."

"नऊ," बालोगान म्हणाला. "दादाला आठ, तर मला नऊ. झाडं कुठून आणायची ते माझी पोरं बघतील. नीघ इथून."

पलीकडे त्यांचा थोरला मुलगा भात कांडत होता. नऊ हा आकडा ऐकून मुसळ हवेतच राहिलं. तो बापाकडे बघत राहिला. रुफिनाला ती नजर नीट ओळखता आली; आठ हा आकडा ऐकताना तिचीही अशीच होती.

"बरं," ती शिडी उतरत म्हणाली. "मी उद्या पुन्हा येते, काका. उद्या पुन्हा विचारते."