दुसरीनं म्हणायचा शब्द

पाणी तपासणाऱ्या त्या सरकारी प्रयोगशाळेत एक जुनी रीत होती. नळीतून थेंब थेंब द्रावण सोडत राहायचं आणि चंबूतल्या पाण्याचा लाल रंग निळा झाला की तोटी बंद करायची. पण रंग आला की नाही, हे एकटीच्या डोळ्यांवर सोडायचं नाही. शेजारी उभ्या असलेल्या दुसरीनं "आला" म्हणायचं, मगच आकडा धरायचा.

तिथं काम करणाऱ्या तिच्यासाठी इतकी वर्षं 'आला' म्हणणारी होती तिची मैत्रीण तुरटी. कितीही गढूळ भांडण असो, ही मधे पडली की गाळ खाली बसायचा, म्हणून हे नाव.

मग एका संध्याकाळी वस्तीच्या सभेत तुरटीची ही मैत्रीण उठून म्हणाली, "हे पाणी मी माझ्या आईला देत नाही." झालं. सरकारी नोकरानं सरकारवर जाहीर टीका करू नये, या आचारनियमावर बोट ठेवून तिला निलंबित केलं. गेल्या आठवड्यात उच्च न्यायालयानं निलंबन रद्द करत निकाल दिला : कचेरीतली गुपितं फोडू नयेत हे खरं, पण नोकरी धरली म्हणून कोणी आपली जीभ गहाण टाकत नाही.

आज ती पुन्हा कामावर रुजू झाली.

"या, या!" साहेब केबिनच्या दारातून म्हणाले. "आता तुम्ही बोलायचं, आम्ही ऐकायचं."

दोघंतिघं हसले. चहाला ती गेली, तर किटलीभोवतालचे सगळे एकदम कामात असल्यासारखे पांगले.

चंबू घेऊन ती तुरटीपाशी आली. "येतेस ना गं?"

तुरटी काचेची नळी धूत राहिली. "परवानगी तुला मिळालीय. मला नाही."

"अगं, निकाल सगळ्यांसाठी आहे."

"असेल गं बाई. पण उद्या साहेबांसमोर मी एकटीच उभी असणार."

"'आला' म्हणण्यात कसली आलीय टीका?"

"तुझ्याशी पहिला शब्द कोण बोलतं, एवढंच बघताहेत सगळे."

ती आपल्या टेबलाशी परतली. आईला घरी सांगायला एवढा एक शब्द मिळाला असता, तर कोर्टात जिंकल्यासारखं वाटलं असतं. तिनं तोटी सोडली. लाल, जांभळट, अजून जांभळट. केबिनचं दार उघडंच होतं. पुढचा थेंब पडला आणि पाणी निळं झालं.

मागून तुरटी खाकरली. अगदी त्याच क्षणी.

तिनं तोटी बंद केली. वळून पाहिलं, तर तुरटीची पाठ. हात नळी धूत होते; नळी केव्हाच स्वच्छ झाली होती.

आकडा बरोबर होता, यात तिला शंका नव्हती. पण खाकरणं म्हणजे शब्द नव्हे. तो शब्दच सोडून द्यायचा, तर कोर्टाची पायरी चढली कशाला?

तिनं चंबू मोरीत रिकामा केला, विसळला, नवं पाणी मोजून घेतलं, आणि शेजारची तुरटीची जागा मोकळी राहील अशी जरा सरकून उभी राहिली.