जिन्यातली शिकवणी

“टोकाला टोक जुळवा आणि माझ्याकडे या,” बाई म्हणाल्या.

गवंडीकाका चादरीची दोन टोकं धरून बाईंच्या दिशेने चालत आले. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या अशाच दोघांनी मिळून घालतात. घडी झकास जमली. अडचण तोंडाची होती. हात काय करताहेत ते इथल्या भाषेत बोलून दाखवायचं होतं, आणि तिथे काकांचं गाडं रुतायचं.

“मी... चादर आहे,” काका म्हणाले. वर्ग हसला. काकाही हसले, पण कानापर्यंत लाल होऊन.

दुसऱ्या देशांतून आलेल्या मोठ्या माणसांचा हा वर्ग. कुणी सुतार, कुणी सुईण, कुणी आयुष्यात पहिल्यांदाच घराबाहेर कामाला निघालेली. आधी भाषा शिकायची, जोडीला एखादं काम, मग नोकरी शोधायची. वर्गात फक्त इथलीच भाषा, हा बाईंचा नियम. तो त्यांनी इतका कडक पाळला होता, की त्या स्वतः काकांच्याच मुलखातून आल्या आहेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. काकांना मात्र कळलं होतं. एकदा जिन्यात बसून ते आपल्या गुडघ्याला अस्सल गावरान शिवी हासडत होते आणि वरून येणाऱ्या बाईंना हसू आवरलं नव्हतं.

तेव्हापासून वर्ग सुटला की जिन्यात थोडी शिकवणी चाले.

“लेकी, ही भाषा म्हणजे ओल्या भिंतीला चुना लावल्यासारखं आहे बघ. आज लावला की उद्या पोपडा.”

“पडू दे की पोपडा. परत लावायचा.”

“तेवढा वेळ कुठाय? जावयाच्या घरी आयतं गिळतोय. तो बिचारा एका शब्दाने बोलत नाही, तेच तर जास्त लागतं. आमची ही अर्ध्या जेवणात उठते. म्हणते, भूकच नाही. मला काय कळत नाही का, भूक आहे का नाही ते!”

बाईंनी मग जिद्दच धरली. धुलाईखान्याचा मुकादम वर्गात माणूस निवडायला येणार होता आणि ती जागा काकांनाच मिळाली पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. लाल पिशवीत काय येतं, हातमोजे कधी बदलायचे, चादरीत सुई सापडली तर हात न लावता कुणाला हाक मारायची, सगळं त्यांनी जिन्यात आपल्या भाषेत समजावून दिलं. काका हुशार होते. एकदा सांगितलं की पक्कं.

मुकादम आला. माणूस सरळ होता, जरा घाईतला. वर्गासमोरच बाईंशी चार शब्द बोलल्यावर म्हणाला, “तुमचा जन्म इथलाच ना? बोलण्यावरून कळतं हो.”

इतकी वर्षं बाईंना लोक विचारायचे, तुम्ही मूळच्या कुठल्या? दुकानात, बसमध्ये, जिथे तिथे. ह्या वाक्यासाठी त्यांनी आरशापुढे उभं राहून जीभ घासली होती. त्या हसल्या आणि “हो” म्हणाल्या. एवढंच. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

मग काकांची पाळी आली. नाव, आधीचं काम, तब्येत, सगळं जमलं. मुकादम खूश दिसला. जाता जाता त्याने घाईघाईत विचारलं, “आणि कपड्यांत टोकदार काही निघालं, तर?”

काका गोंधळले. मग ते जिन्यातल्यासारखे बाईंकडे वळले आणि आपल्या भाषेत म्हणाले, “लेकी, काय विचारतायत गं? एवढं सांग ना.”

“काय म्हणतायत हे?” मुकादमाने बाईंना विचारलं.

सुई, एवढा एकच शब्द सांगायचा होता. पण तो तोंडातून निघाला असता, तर मघाचं “हो” उघडं पडलं असतं.

“मला ह्यांची भाषा येत नाही,” बाई म्हणाल्या.

ते वाक्य काकांना समजलं. इथल्या भाषेतलं पहिल्या आठवड्यातलंच वाक्य होतं ते. त्यांनी बाईंकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. “माफ करा,” ते मुकादमाला म्हणाले. “चूक माझी.”

ती जागा सुताराच्या बायकोला मिळाली. तीही ह्याच वर्गातली, सगळे तिला सुतारीण म्हणून चिडवायचे. ती पेढे मिळाल्यासारखी हसत होती आणि बाईंनी तिचं अभिनंदनही केलं. त्या दिवशी जिन्यात कुणी थांबलं नाही.

बाईंना जेवण गेलं नाही. कामाच्या जागी मोठेपणा मिळावा म्हणून खोटं बोलल्या असत्या, तर निदान काही हाती तरी लागलं असतं. इथे एका परक्या माणसाच्या कौतुकासाठी त्यांनी बापाच्या वयाच्या माणसाला तोंडघशी पाडलं होतं. त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी ठरवलं, काका आले की पाय धरायचे, आपल्या भाषेत, सगळ्या वर्गादेखत.

पुढच्या आठवड्यात काका आले. वर्ग भरायला अवकाश होता. त्यांच्या मागे, त्यांच्याच सदऱ्याची बाही धरून, काकू उभ्या होत्या.

बाई उठल्या. “काका” हा शब्द ओठांवर आला.

“आत ये गं,” काका काकूंना म्हणाले. “घाबरू नको. बाई चांगल्या आहेत. पण आपलं बोलणं त्यांना समजत नाही बरं का. जन्म इथलाच त्यांचा.”

बोलताना त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही.

“खरंच समजत नाही?” काकूंनी विचारलं. त्यांनी बाही सोडली. “बरंच झालं बाई! मला रात्रभर हीच धास्ती. आपल्यातली कुणी निघाली असती, तर मी मेलेच असते लाजेने. या वयात बाराखडी! उद्या चार घरी सांगितलं असतं तिने. ही परकी आहे, हिच्यापुढे चुकले तरी चालेल.” मग बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत त्या मोकळेपणी म्हणाल्या, “पण अहो, हिचे डोळे का भरलेत?”

“सर्दी असेल,” काका म्हणाले.

पुढच्या रांगेतली खुर्ची ओढून बाईंनी हाताने दाखवली आणि इथल्या भाषेत, सावकाश, एकच शब्द उच्चारला.

“बसा म्हणतायत,” काकांनी काकूंना सांगितलं.