वाटाड्या सुपारी

श्रावणातला रविवार. त्र्यंबकेश्वरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी दिशानाथ महाराजांचा पत्र्याचा आश्रम. समोरच्या रस्त्यावर एवढी गर्दी, की मागच्यांना महाराज दिसत नव्हते आणि पुढच्यांना श्वास घेता येत नव्हता. तरी सगळे खूश होते, कारण परातीत सुपारी फिरत होती.

तांब्याची परात, परातीत पाणी, पाण्यावर विड्याचं पान आणि पानावर सुपारी. सुपारीच्या एका टोकाला कुंकवाचा जाड ठिपका. महाराजांनी पान बोटाने गर्रकन फिरवलं. दोन गिरक्या घालून ते संथ झालं आणि कुंकवाचं टोक नेमकं आश्रमाच्या दाराकडे येऊन थांबलं. गर्दीने जयजयकार केला.

“मोबाइलला तुमचा पत्ता ठाऊक, माझ्या सुपारीला तुमचं कल्याण ठाऊक!” महाराज गरजले. “डोंगरात हरवा, जंगलात हरवा, ही वाटाड्या सुपारी तुम्हाला माझ्या दारातच आणणार. पथ्यं तीनच. भांडं तांब्याचं हवं. लोखंड जवळ नको, त्यात शनी. आणि मोबाइल लांब, त्याच्या लहरींनी ही लाजते!”

“महाराज, माझी म्हैस हरवलीय,” गर्दीतून गोटीराम ओरडला.

“सुपारी म्हशीच्या गळ्यात बांध.”

“पण म्हैसच सापडत नाय ना!”

“मग दोन घे,” महाराज म्हणाले, आणि गोटीरामने खरंच दोन घेतल्या.

नानांनीही एक घेतली. नाना म्हणजे नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात उभा जन्म भिंग लावून छपाईतले दोष हुडकलेला माणूस. ‘माझ्या नजरेतून काही सुटत नाही’ हे त्यांचं पालुपद. त्यांनी सुपारी भिंगाखाली धरून चहूबाजूंनी तपासली. कुंकवाखाली बघायचं मात्र राहिलं. देवाच्या कुंकवाला नख कसं लावायचं?

पथ्य म्हणून त्यांनी कमरेचा अडकित्ता काढून बयाबाईच्या चहाच्या टपरीत ठेवला.

“लय मोठा त्याग केला की नाना!” बयाबाई हसली. “आता पान कसं खानार?”

“नातीसाठी करावं लागतं,” नाना म्हणाले.

नात आभा, चौदा वर्षांची. यशश्री मॅडमच्या गिरिभ्रमण पथकाबरोबर ती आज पहिल्यांदा डोंगर चढणार होती. नानांनी सोबत यायचा हट्टच धरला होता. मॅडमनी प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी अडकवली होती आणि नियम घोकून घेतला होता: वाट चुकली तर जागेवर थांबायचं, तीन वेळा शिट्टी वाजवायची, कान देऊन ऐकायचं. नानांनी आभाच्या गळ्यातली शिट्टी काढून स्वतःच्या खिशात घातली.

“कर्कश आवाजाने सुपारी बिचकेल,” ते म्हणाले.

वर पोचल्यावर नानांचे गुडघे कुरकुरायला लागले. पथकाच्या शेवटी चालणाऱ्या श्रेयसला त्यांनी “तू हो पुढे, आम्ही आलोच” म्हणून पिटाळलं आणि दगडावर बसले. तेवढ्यात धुकं आलं. पाच मिनिटांत समोरची वाट गेली, झाडं गेली, आणि नानांना आपलीच चप्पल दिसेना.

“नाना, हरवलो तर थांबायचं,” आभा म्हणाली.

“हरवायला काय झालंय? सुपारी आहे ना!”

त्यांनी तांब्याची वाटी काढली, पाणी ओतलं, पान सोडलं. कुंकवाचं टोक ऐटीत एका बाजूला वळलं. नाना वाटी दोन्ही हातांत धरून, वाढदिवसाचा केक न्यावा तशी जपत, त्या दिशेने निघाले.

“पण आश्रम तर मागे राहिला ना? आपण तो ओलांडूनच वर आलो.”

“तुला जास्त कळतं की महाराजांना?”

नानांच्या चपलेखालून एक दगड सुटला. तो घरंगळला, आणि पडल्याचा आवाज फार उशिरा आला.

आभाने त्यांचा सदरा मागून घट्ट पकडला. धुकं जरा विरलं तेव्हा पुढे जमीन नव्हती, सरळ कडा होता. सुपारी अजूनही कड्यापलीकडेच बोट दाखवत होती. नानांनी वाटीतलं पाणी ओतून टाकलं आणि सुपारी खिशात घातली. आपण हिला कुठे घेऊन चाललो होतो, हे त्यांना आता कळलं.

“नाना, माझी शिट्टी द्या.”

त्यांनी ती लगेच खिशातून काढून दिली. दोघं चार पावलं मागे सरकून खाली बसली. आभाने तीन वेळा शिट्टी वाजवली आणि ऐकलं. पुन्हा तीन वेळा. तिसऱ्या खेपेला धुक्यातून उत्तरादाखल शिट्टी आली आणि पाठोपाठ मॅडमचा आवाज: “हलू नका! आम्ही येतोय!”

खाली उतरताना आभाने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी नानांकडची सुपारी होकायंत्राशेजारी धरली. होकायंत्राचा काटा वेडावाकडा नाचायला लागला, तशा त्या हसल्या.

खाली गर्दी तशीच होती. आभा पुढे झाली. “महाराज, परात जरा आश्रमाच्या मागे नेऊ या का?”

“मागे माझी समाधी लागते! तिथे निषिद्ध आहे!”

पण गोटीरामने परात उचललीसुद्धा. मागच्या अंगणात महाराजांची जीप उभी होती. तिच्यापासून लांब, कुंपणाशी परात ठेवली, पान सोडलं. कुंकवाचं टोक वळलं, आणि सुपारीने महाराजांच्या आश्रमाकडे सरळ पाठ फिरवली.

“रुसली आहे ती,” महाराज म्हणाले.

“बयाबाई, माझा अडकित्ता!” नाना ओरडले.

अडकित्ता परातीच्या काठाशी धरताच सुपारी पानासकट पोहत त्याच्याकडे निघाली. तो डावीकडे नेला, सुपारी डावीकडे. उजवीकडे, तर उजवीकडे.

“आरं तिच्या! आश्रम अडकित्त्यात हाय व्हय?” बयाबाई म्हणाली.

नानांनी कटकन सुपारी फोडली. आत एक सुई होती. तिच्यासाठी पाडलेलं भोक कुंकवाने झाकलं होतं.

“चुंबकावर घासलेली सुई,” यशश्री मॅडम म्हणाल्या. “ती उत्तर दिशा दाखवते. रस्त्यावरून आश्रम उत्तरेला, म्हणून चमत्कार. लोखंड आणि मोबाइल लांब, कारण त्यांच्याजवळ सुई भरकटते. ही बिचारी खरंच सांगत होती. खोटं बोलत होता तो माणूस. आणि आपण कुठे उभे आहोत हे सुईला कळत नाही. ते नकाशा बघून आपणच ठरवायचं. नाहीच कळलं, तर थांबायचं आणि हाक द्यायची.”

तेवढ्यात जीप सुरू झाली. महाराज पळत होते. उघड्या काचेतून मोबाइलचा आवाज आला: “दोनशे मीटरवर डावीकडे वळा.”

गर्दी पोट धरून हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी आभाच्या गळ्यात शिट्टी घातली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “चुकलो पोरी. सगळीकडे भिंग लावलं, फक्त कुंकवाखाली नाही. माझ्या अकलेपायी तू कड्यावर गेली होतीस.”

“नाना, आन माझी म्हैस?” हातात दोन सुपाऱ्या घेऊन गोटीराम उभा होता.

“सापडली की तिच्या गळ्यात घंटा बांध. नातवंडांच्या गळ्यात शिट्टी बांध. आणि सुई काढून ती सुपारी इकडे दे,” नाना अडकित्ता उघडत म्हणाले, “सुपारी खायची असते.”